न आठवणारा गोल

शांताबाईने टोपलीवरचं ओलं फडकं दूर केलं, हाताने बर्फ सारला आणि विचारलं, "काय देऊ, दादा?" नंदकुमारने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. समोर सगळं स्वच्छ दिसत होतं. पाठीवरचे निळे-काळे पट्टे, रुपेरी पोट, ताठ शेपट्या. चव जिभेवर होती, तिरफळांचा वास नाकात होता, लालबागच्या खोलीत पाटावर बसून आई हळद-मीठ चोळायची ती तिची पिवळी बोटंसुद्धा दिसत होती. फक्त नाव नव्हतं. नाव असायचं त्या जागी काहीतरी गुळगुळीत होतं, दात पडल्यावर जीभ सारखी जिथे जाऊन लागते तसं. त्याने बोट दाखवलं. "हे दे. हे... सहा." शांताबाई हसायला लागली. "हे म्हंजे? बांगडे? कोकनातला मानूस ना तू, न् बांगड्याला हे म्हनतोस?" तोही हसला. बांगडे, बांगडे, बांगडे, असं मनात घोकत त्याने पिशवी घेतली आणि नवघर रोडवर तो घराच्या उलट दिशेला बरंच चालत गेला, हे त्याला पेट्रोलपंप लागल्यावर कळलं.

तिथेच तो थांबला. रिक्षा हॉर्न मारत बाजूने जात होत्या. सदुसष्टाव्या वर्षी एखादा शब्द अडतो, सगळ्यांचाच अडतो, हे त्याला माहीत होतं. मुलुंडच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा निम्मा वेळ त्यातच जायचा, अरे तो नट कोण, तो रे, त्याची बायको ती. पण बांगडा? उद्या बायकोचं, सुहासिनीचं नाव असंच निघून गेलं तर? आणि मग, एकदा दार उघडल्यावर मागची गर्दी आत घुसावी तशा बाकीच्या गोष्टी आल्या. बँकेत स्वतःची सही करताना थांबलेला हात. गॅसवर उतू जाऊन करपलेलं दूध. आणि एप्रिलमध्ये, टीव्हीचा आवाज मोठा आहे एवढ्याच कारणावरून त्याने भिंतीवर फेकलेला स्टीलचा पेला. तो सुहासिनीच्या कानाजवळून गेला होता. पेला उचलून तिने धुतला आणि चेपलेली बाजू भिंतीकडे करून मांडणीवर ठेवला. सोळा वर्षांच्या फुटबॉलमध्ये ज्याला एकदाच लाल कार्ड दाखवलं गेलं, तो हा माणूस. त्याचे कोच मेनेझिस सर म्हणायचे, बचावाच्या खेळाडूने अंगावर येणाऱ्या माणसाला पाठ दाखवायची नाही, तो जवळ येतोय म्हणून मागे मागे सरकत राहिलास तर तुझ्याच गोलमध्ये जाऊन पडशील. गेलं वर्षभर आपण मागे मागे सरकतोय, नंदकुमारच्या मनात आलं. तो वळला. घरी आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात न धुताच म्हणाला, "मला डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय." सुहासिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. "गंधालीने तीन महिन्यांपूर्वीच एक नाव काढून ठेवलंय," ती म्हणाली. "घाटकोपरला. तुम्ही कधी म्हणताय याची वाट बघत होतो आम्ही." म्हणजे मायलेकींना सगळं माहीत होतं. त्याला राग आला, आणि त्या रागाची त्याला इतकी भीती वाटली की तो बाथरूममध्ये जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिला.

डॉक्टर शर्मिष्ठा त्याच्या गंधालीपेक्षाही लहान असावी. तिने पाच शब्द सांगितले. गादी, पिंपळ, चष्मा, निळा, बोट. थोड्या वेळाने विचारीन, म्हणाली. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, ते त्याने पंच्याऐंशी... नाही, शहाऐंशीपर्यंत केलं आणि मग पायरी चुकली. घड्याळ काढायला सांगितलं. सुहासिनीने तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली होती. तिच्यासमोर कागदावर पेन टेकवताना नंदकुमारला पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवल्यासारखं वाटलं. वर्तुळ बरं आलं. आकडे मात्र सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसले, आणि बारा लिहायची वेळ आली तेव्हा जागाच उरली नव्हती. सुहासिनी खिडकीबाहेर बघत होती. पाच शब्दांपैकी दोन आले. "डोक्याला कधी मार लागलाय का, काका?" डॉक्टरने विचारलं. "नाही," तो ताबडतोब म्हणाला. हे उत्तर त्याचं नव्हतंच, अंगात मुरलेलं होतं. मैदानात कोणी वाकून विचारलं, ठीक आहेस ना, की काहीही झालेलं असो, ठीक आहे, असंच म्हणायचं. नाहीतर बाहेर बसवतील, आणि बाकावर बसलेल्या माणसाची जागा दुसरा घेतो.

"असं काय करता, अहो?" सुहासिनी वळली. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी थोडी धुगधुगी आली होती. "डॉक्टर, हे फुटबॉल खेळायचे. माणिकप्रभा ट्यूब्जच्या टीममध्ये होते, सेंटर हाफ. शहाऐंशीची फायनल यांनीच तर जिंकून दिली." आणि ती सांगू लागली. कलकत्त्याची टीम होती, एक-एक बरोबरी. यांची आणि त्यांच्या फॉरवर्डची डोक्याला डोकं आपटून टक्कर झाली, हे खाली पडले, उचलून बाहेर नेलं. सहा टाके. डोक्याला पट्टी बांधून परत उतरले आणि शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून गोल केला. पेपरात फोटो आला होता, पट्टीसकट. घरी लावलाय. नंदकुमार ऐकत होता. ही गोष्ट त्याने स्वतः किती वेळा सांगितली असेल. लग्नकार्यात, कंपनीच्या निरोप समारंभात, गंधालीच्या शाळेच्या क्रीडादिनी. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं. "बेशुद्ध किती वेळ होते?" तिने विचारलं. गोष्टीत तो भाग नव्हता. दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

त्याला आठवत होतं ते इतकंच. चेंडू उंच गेलेला, भिजून जड झालेला, चामड्याचा. त्याच्याखाली धावत जाताना चिखलात बसणारे बूट. उडी. मग तोंडात लोखंडासारखी चव आणि ड्रेसिंग रूमचा पंखा, त्याच्या एका पात्यावर वाळलेल्या चिखलाचा डाग, आणि सगळे गात होते. खंडू गोलकीपर बाकावर उभा राहून नाचत होता. कोणीतरी त्याला आडनावाने हाक मारून म्हणालं, घाडी, काय मारलास रे! त्याला वाटलं आपण कोणाला तरी मारलं. मग हळूहळू समजत गेलं. त्या दिवशी विचारायची सोय नव्हती, सगळे इतके खुशीत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. तिसऱ्या दिवशी मोरीवरच्या नळापाशी उभ्या असलेल्या चाळीतल्या माणसांना सांगितलं, आणि सांगता सांगता ते खरं दिसायला लागलं, फोटोत दिसतं तसं, म्हणजे बाहेरून. स्वतःच्या गोलकडे तो कायम प्रेक्षकांतूनच बघत आला होता. गिरणीतून परतलेले वडील त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून चाळभर फिरले होते. त्या हाताखालून, मला आठवत नाही, असं कसं म्हणायचं? आणि त्या दिवशी जे म्हटलं नाही ते मग कधीच म्हणता आलं नाही.

"मला तो गोल आठवत नाही," नंदकुमार म्हणाला. आवाज त्याला अपेक्षा होती त्यापेक्षा मोठा निघाला. "टक्कर झाली तिथपासून सामना संपेपर्यंत काहीच आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं." सुहासिनीने हळूच विचारलं, "मग आपल्या लग्नात तुम्ही आमच्या काकांना..." "ऐकीव," तो म्हणाला. "सगळं ऐकीव." तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला वाचता येईना. फसवल्यासारखं वाटलं असेल तर बरोबरच होतं. पण तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. डॉक्टरने मग बाकीचं विचारलं आणि तो सांगत गेला. सरावाला झाडाच्या फांदीला चेंडू टांगलेला असायचा, सकाळी साठ हेडर, संध्याकाळी साठ. जूनपासून लीग, सगळे सामने पावसाचे. डोळ्यांपुढे काजवे चमकले की त्याला टोला बसला म्हणायचे, मान झटकायची आणि पुढे पळायचं. किती वेळा? त्याने हिशेब करून पाहिला. वर्षाला आठ महिने, आठवड्याचे पाच दिवस. आकडा हजारांच्या पुढे गेला, मग लाखाच्या पुढे, आणि त्याने तो सोडून दिला.

एमआरआय झाला. डॉक्टरने पडद्यावर काळ्या-करड्या फाका दाखवल्या. "मेंदू वयाच्या मानाने थोडा जास्त आकसलाय. हे माराने झालं की वयाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, काका. कोणीच सांगू शकणार नाही." "बरं होईल?" "बरं होईल असं म्हणणार नाही. पण वेग कमी करता येईल कदाचित. रक्तदाब ताब्यात ठेवायचा, कान तपासून घ्यायचे, झोप नीट, रोज चालायचं, पडायचं नाही, माणसांत राहायचं. एकदा महिन्याभराने आणि मग दर सहा महिन्यांनी यायचं." नंदकुमारने मान डोलावली. हे त्याला समजण्यासारखं होतं. सामना हरणार हे दिसत असतानाही एका गोलने हरायचं की पाच गोलांनी, हे बचाव करणाऱ्यांच्या हातात असतं, आणि त्यासाठी शेवटच्या मिनिटापर्यंत पळावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी तासभर चालायला लागला. कानाला यंत्र बसलं. त्यातून पहिल्यांदा ऐकू आला तो स्वयंपाकघरात सुहासिनीच्या गुणगुणण्याचा आवाज. ती गुणगुणते हे तो विसरला होता, की त्याला कधी ऐकूच गेलं नव्हतं, कोण जाणे. "आणखी कोण होतं तुमच्या टीममध्ये?" निघताना डॉक्टरने सहज विचारलं होतं. "त्यांनाही कोणी तपासलंय का?" तो प्रश्न त्याच्याबरोबर रोज चालायला येऊ लागला.

कारण त्याला विद्याधर माहीत होता. विद्याधर राऊळ, उजवीकडचा विंगर, बुटका, वाऱ्यासारखा. नंदकुमारच्या डोक्यावर आलेले निम्मे चेंडू त्याच्या पायातून सुटलेले असायचे. आता मरोळला राहायचा. दिवाळीच्या आधी त्याच्या बायकोचा, विमलाचा फोन आला होता. "भावोजी, एकदा येऊन जा. हे कुणाचंच ऐकत नाहीत." चालताना झोकांड्या जातात, बोलणं जड झालंय, सोसायटीतले लोक म्हणतात राऊळ प्यायला लागला. आयुष्यात सोड्याच्या पुढे न गेलेला माणूस. येतो, येतो, असं नंदकुमार म्हणाला आणि गेला नाही. आज पाय दुखतोय, उद्या पाहुणे आहेत. खरं कारण, कानाला फोन धरलेला असतानाच त्याला कळलं होतं की हे ऐकलेलं वर्णन आपल्याही ओळखीचं आहे. आठ महिने झाले त्याला. एका मंगळवारी त्याने कागदावर लिहून घेतलं, बसने घाटकोपर, मेट्रो वर्सोव्याकडची, मरोळ नाका. सुहासिनी म्हणाली, मी येते बरोबर. तो म्हणाला, "आज नको. हे मला एकट्याने करायचंय." घाटकोपरच्या जिन्यावर चढताना डोकं एकदम रिकामं झालं. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि आपण वर चाललोय की खाली आलोय, तेच कळेना. त्याने कठडा धरला, कागद काढला, वाचला, आणि तेवढ्यावर न थांबता सुरक्षारक्षकाला सरळ विचारलं, "मरोळ नाक्याला जायचंय, मला आठवत नाहीये, कुठून जाऊ?" मला आठवत नाहीये. हे तीन शब्द तोंडातून इतके सहज बाहेर पडले. त्या माणसाने बोट दाखवलं आणि तो दुसऱ्याकडे वळला. जगाला काही झालं नाही.

विद्याधर गॅलरीत खुर्चीत बसला होता. उजवा पाय थरथरत होता, स्वतःशीच काहीतरी ड्रिबल करत असल्यासारखा. "नंद्या," त्याने ओळखलं. नंदकुमार त्याच्या शेजारी, समोरच्या कारखान्याच्या पत्र्यांकडे तोंड करून बसला. विमलाने चहा आणला, विद्याधरचा कप निम्माच भरलेला. नंदकुमारने डॉक्टरचं नाव काढलं तसा तो उखडला. शब्द ओढत, अडखळत, पण राग जुनाच. "मी काय वेडा झालोय? विमलाने बोलावलं ना तुला? मला काहीएक झालेलं नाही." "मला झालंय," नंदकुमार म्हणाला. विद्याधरने मान वळवली. "मला बांगड्याचं नाव आठवलं नाही, विद्या. घड्याळ काढता आलं नाही. आणि शहाऐंशीचा तो गोल, तो तर मला तेव्हापासूनच आठवत नाही. आजवर सांगितल्या त्या सगळ्या थापा होत्या. तू तिथे होतास. तूच कॉर्नर मारलास. काय झालं ते सांग मला."

विद्याधरचा पाय थांबला. विमला आत जायला वळली होती, ती दारातच उभी राहिली. "तू परत आलास," तो सांगू लागला, आणि नवल म्हणजे त्याचं बोलणं मघापेक्षा सरळ येत होतं. "पट्टी बांधून. मला विचारलंस, विद्या, आपण कुठल्या बाजूला? मी दाखवलं. दोन मिनिटांनी परत विचारलंस. मग स्कोअर विचारलास. तीनदा. मी लाइनवर पळत गेलो, म्हटलं, सर, नंद्याचं डोकं ठिकाणावर नाही, काढा त्याला. मेनेझिस म्हणाले, डोकं नसेना ठिकाणावर, उंची आहे ना? त्याच्यावरच टाक." तो थांबला. खालच्या रस्त्यावर एक टेम्पो बराच वेळ मागे येत राहिला, त्याचं रिव्हर्सचं गाणं वाजत होतं. "लांबच्या पोस्टला आपला अमरे मोकळा होता. हात वर करून बोंबलत होता. मी पाहिलं त्याला, नंद्या. नीट पाहिलं. आणि तरी तुझ्या डोक्यावर टाकला. कारण तू चुकणार नव्हतास." "मग?" "मग काय. गेला आत. तू खाली पडलास, मी तुझ्या अंगावर उडी मारली, आणि तू माझ्या कानात विचारलंस, कोणी मारला रे?"

नंदकुमारच्या छातीत काहीतरी वर चढलं. त्याला ते आता ओळखता येत होतं, पेल्याच्या वेळेचंच ते. हातातला कप त्याने जपून खाली ठेवला. हा माणूस एकोणचाळीस वर्षं आपल्या घरी गणपतीला आला, गंधालीच्या बारशाला आला, त्या फोटोखाली बसून याने करंज्या खाल्ल्या. पण मग तो स्वतःलाच त्या मैदानावर उभा करून बघू लागला, कॉर्नरच्या झेंड्यापाशी, विद्याधरच्या जागी. शेवटचं मिनिट. आपण काय केलं असतं? अमरे हेडरच्या वेळी डोळे मिटायचा, सगळ्यांना माहीत होतं. आपणही तेच केलं असतं. इतकंच काय, शुद्धीवर असतो तर ओरडून चेंडू मागितला असता. छातीतलं ते तिथेच रेंगाळलं आणि हळूहळू बसलं. "साल्या," तो म्हणाला, "एवढी वर्षं पोटात ठेवलंस?" "तू पण ठेवलंसच ना," विद्याधर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते पुसायला हात वर न्यायचा तर हात वाकडातिकडा जात होता. विमलाने पुढे होऊन पदराने पुसले. नंदकुमारने कप बाजूला सारला. "गुरुवारी मला पुन्हा घाटकोपरला जायचंय. तू चल." "मी नाही येणार." "तुझ्यासाठी नको येऊस. मला भीती वाटते रे," नंदकुमार म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या लक्षात आलं की हे तो कुठल्याही माणसाला पहिल्यांदाच सांगतोय. "सुहासिनीसमोर मी धीराचा असतो. तिथे कोणीतरी टीममधलं बरोबर हवं." "किती वाजता?" विद्याधरने शेवटी विचारलं, आणि विमलाने दाराची चौकट घट्ट धरली.

गुरुवारी रिक्षातून उतरताना विद्याधरला नंदकुमार आणि विमलाने दोन्ही बाजूंनी धरलं. सुहासिनी आधीच येऊन नंबर लावून बसली होती. डॉक्टर शर्मिष्ठाने चौघांसाठी खुर्च्या मागवल्या, विद्याधरचे हात-पाय तपासले, त्याला ओळीवर चालायला लावलं, डोळ्यांवर बॅटरी मारली. ते सगळं त्याने मुकाट्याने करू दिलं. मग तिने कोरा कागद पुढे ओढला. "डोक्याला मार लागल्याचं काही आठवतं, काका?" विद्याधरने विमलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "तसं काही खास नाही," तो म्हणाला.

"लिहा, डॉक्टर," नंदकुमार म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं, चिखलाच्या वासासकट. "एक्याऐंशी साल, जुलै. परळचं मैदान. बॅकच्या कोपराने कानशिलावर, दोन मिनिटं हा डोळे उघडत नव्हता. मी तोंडावर पाणी मारलं. त्र्याऐंशी, कूपरेज, गोलपोस्टवर कपाळ. रात्रभर उलट्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला हजर." "ते खंडूचं," विद्याधर पुटपुटला. "तुझं. खंडू तुला टॅक्सीत धरून बसला होता." विद्याधरने कपाळावर हात फिरवला, भुवईच्या वर एका जागी बोट अडलं, आणि तो ताठ बसला. "मग याचंही लिहा, मॅडम," तो जड जिभेने म्हणाला. "हा काही सांगायचा नाही. याचे मला माहितीयेत. सगळे." डॉक्टरने दुसरा कागद घेतला, त्यावर नंदकुमारचं नाव लिहिलं. बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला, तेव्हा तिने दार ढकलून बंद केलं. "सावकाश," ती म्हणाली. "एकेक वर्ष घेऊ." नंदकुमारने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि खुर्ची विद्याधरच्या खुर्चीला भिडवली.

"अठ्ठ्याहत्तरपासून धर, विद्या," तो म्हणाला. "आणि एकही सोडू नकोस."